न्यायमूर्ती तेलंग : घर आणि न्यायासन

माटुंग्यात तेलंगांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज कचेरीस वा शाळेस जाणाऱ्यांपैकी हे तेलंग कोण, असा प्रश्न किती जणांना पडत असेल, हे सांगणे कठीण आहे. ज्यांना पडत असेल त्यांच्यापैकी संस्कृतचे अभ्यासक असतील ते सांगतील की, मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच. आणि ज्यांनी महाराष्ट्रातील समाजसुधारणेचा इतिहास थोडाबहुत वाचला आहे, ते सांगतील की, बालविवाहाविरुद्ध बोलून स्वतःच्या मुलीचा विवाह मात्र बालवयातच लावून देणारे ते हेच. काशिनाथ त्र्यंबक तेलंग या पुरुषाचे अवघे चरित्र लोकस्मृतीत अशा दोन ओळींत आवळले गेले आहे. त्यांतील पहिली ओळ गौरवाची आणि दुसरी आरोपाची. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु ज्या स्वभावातून पहिली ओळ आली त्याच स्वभावातून दुसरीही आली, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही, आणि म्हणून हे चरित्र पुन्हा एकदा उलगडून पाहण्यासारखे आहे.

तेलंगांचा जन्म मुंबईत ३० ऑगस्ट १८५० रोजी एका मध्यम स्थितीतील सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्र्यंबकराव निपुत्रिक होते; त्यांनी या पुतण्यास दत्तक घेतले. काशिनाथ त्र्यंबक हे नाव त्या दत्तविधानाचे आहे. एकत्र कुटुंबातील दत्तकाची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, अशा मुलावर प्रेम दोन घरांचे असते आणि ऋणही दोन घरांचे असते. जन्म देणारे समोर आणि वाढविणारेही समोर, अशा घरात वाढलेल्या मुलाला मोठ्यांचे मन राखण्याची सवय फार लवकर जडते. तेलंगांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना हा तपशील विसरून चालणार नाही.

पाचव्या वर्षी ते अमरचंद वाडीतील मराठी शाळेत गेले आणि १८५९ साली एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे त्यांना नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले. पुढे मामा परमानंद या नावाने महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, प्रार्थना समाजाच्या चळवळीत आणि वृत्तपत्रांच्या जगात ज्यांच्या शब्दाला वजन होते, ते हेच. शिक्षक आणि विद्यार्थी हे नाते पुढे मैत्रीत पालटले आणि अखेरपर्यंत टिकले. विद्यार्थी उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसला तरी त्याने आपल्या शाळामास्तराचा सल्ला घेण्याचे सोडले नाही. शिक्षकवर्गाच्या वाट्याला येणारे भाग्य याहून मोठे कोणते असू शकेल, हे शिक्षकांनीच सांगावे. योगायोग असा की, गुरू आणि शिष्य दोघेही एकाच वर्षी, १८९३ मध्ये, हे जग सोडून गेले.

एल्फिन्स्टन कॉलेजात तेलंगांनी भगवानदास शिष्यवृत्ती मिळविली, ती संस्कृतातील प्रावीण्याबद्दल. त्याच कॉलेजात ते फेलो झाले, एम. ए. झाले, एल्एल. बी. झाले. सरकारी नोकरीचा सुरक्षित मार्ग समोर होता. त्या काळच्या पदवीधरांपैकी बहुतेकांनी तोच पत्करला होता. तेलंगांनी तो नाकारला आणि अधिक अवघड वाट धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करण्याचा हक्क तोवर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांचाच मानला जात असे. विलायतेस न जाता, येथेच परीक्षा देऊन त्या शाखेत शिरणारे पहिले हिंदी गृहस्थ म्हणजे बाळ मंगेश वागळे. त्यांच्या मागोमाग १८७२ साली तेलंग ॲडव्होकेट म्हणून दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. साहेब बॅरिस्टरांना हिंदू धर्मशास्त्राचे आधार भाषांतरांतून शोधावे लागत; तेलंग मिताक्षरा आणि मयूख मुळातून वाचीत. अशिलांना हा फरक कळावयास वेळ लागला नाही.

याच न्यायालयात त्यांच्या आयुष्यातील ती सुप्रसिद्ध मैत्री जमली. बद्रुद्दीन तय्यबजी आणि फिरोजशहा मेहता हे दोघे वयाने तेलंगांहून पाच-सहा वर्षांनी मोठे, दोघेही विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले. एक मुसलमान, एक पारशी आणि एक हिंदू असे हे त्रिकूट मुंबईच्या सार्वजनिक जीवनात सुमारे दोन तपे वावरले. १८८३ साली इल्बर्ट बिलावरून देशभर वादळ उठले. हिंदी न्यायाधीशांसमोर गोऱ्या आरोपींची चौकशी व्हावी की नाही, असा तो प्रश्न होता. त्या वेळी मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत हे तिघेही बोलले. १८८५ च्या जानेवारीत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली ती याच तिघांच्या पुढाकाराने. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजच्या इमारतीत ७२ प्रतिनिधींची जी पहिली काँग्रेस भरली, तिच्यात कायदेमंडळांचा विस्तार करून त्यांत लोकनियुक्त सभासद घ्यावेत, अशी मागणी करणारा ठराव तेलंगांनी मांडला. आज ज्या विधिमंडळांच्या कामकाजाची वर्णने आपण वर्तमानपत्रांत वाचतो, कधी अभिमानाने आणि बहुधा खेदाने, त्यांच्या मागणीचा आरंभ असा एका पस्तीस वर्षांच्या वकिलाच्या तोंडून झाला होता.

स्वभावाने हे तिघे एकमेकांहून भिन्न होते. मेहतांचा बाणा लढाऊ होता आणि शब्द धारदार. तय्यबजींच्या ठिकाणी खानदानी भारदस्तपणा होता. तेलंग सौम्य. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही चांगल्या रीतीने मांडून मग ते खोडून काढावे, ही त्यांची पद्धत. म्हणूनच त्यांच्या भाषणांनंतर शत्रू उरत नसत. लेसिंगच्या ज्या नाटकात यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान ही तिन्ही कुळे अखेर एकाच घराण्याची निघतात, त्या नाटकाचे मराठी भाषांतर करावेसे तेलंगांना वाटले, यात आश्चर्य नाही. त्यांच्या न्यायालयातील बैठकीत ते नाटक रोजच चालू होते, असे म्हटले तरी चालेल.

वकिली करणारा माणूस इतके लिहू कसा शकला, हे एक कोडेच आहे. रामायण होमरवरून घेतले, असे वेबर या जर्मन पंडिताने सुचविले; त्याला तेलंगांनी १८७३ साली उत्तर दिले, तेव्हा ते तेवीस वर्षांचेही झालेले नसावेत. गीतेवर बायबलाची छाया आहे, असे लोरिन्सरने म्हटले; १८७५ मध्ये गीतेचे पद्य भाषांतर काढून त्याच्या प्रस्तावनेत तेलंगांनी त्या मताचा समाचार घेतला. पुढे १८८२ साली मॅक्समुल्लरच्या मालेत आठवा खंड म्हणून गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. भर्तृहरीची नीती आणि वैराग्य ही शतके त्यांनी संपादिली, तसेच विशाखदत्ताचे मुद्राराक्षस. १८७७ साली खुल्या व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध, हिंदी उद्योगांना संरक्षण हवे असे सांगणारा निबंध लिहिला. या साऱ्या लेखनात आवेश कमी आणि पुरावा अधिक. युरोपीय पंडितांशी वाद घालताना त्यांनी कधी देशाभिमानाच्या नावावर सवलत मागितली नाही. पोथीतले पान काढून ते त्यांच्यासमोर ठेवले आणि आपले काम झाले असे मानले.

शिक्षकांना जिव्हाळ्याचा वाटेल असा एक प्रसंग येथे सांगावयास हवा. १८८२ साली हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण कमिशन नेमले गेले. तेलंग त्याचे सभासद होते. विद्यार्थ्यांना नीती शिकविण्यासाठी नीतीचे एक क्रमिक पुस्तक तयार करावे आणि कॉलेजांतून नागरिकांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत, अशी शिफारस कमिशनने केली. तेलंगांनी आपले मतभेदाचे टिपण जोडले. पुस्तकातील धड्यांनी तरुणांचे शील घडत नाही. ते घडते शाळेच्या एकंदर वातावरणाने, शिक्षकाच्या वागण्याने आणि उत्तम साहित्याच्या सहवासाने, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. मूल्यशिक्षणाच्या तासिका वेळापत्रकात येत राहिल्या आणि जात राहिल्या. परमानंदांच्या वर्गात बसलेल्या या विद्यार्थ्याचे ते टिपण मात्र कोणी काढून वाचले असेल, असे वाटत नाही.

मुंबई कायदेमंडळावर सरकारने त्यांची १८८४ साली नेमणूक केली. १८८८ चा जो कायदा मुंबई महापालिकेचा पाया ठरला आणि पुढे कितीतरी दुरुस्त्या सोसूनही उभा राहिला, त्याच्या घडणीत मेहतांच्या बरोबरीने तेलंगांचा हात होता. त्या कामाचे श्रेय सहसा एकट्या मेहतांना दिले जाते. श्रेयासाठी भांडणे हा तेलंगांचा धर्म नव्हता.

आता आपण मूळ वादाकडे वळू.

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि साऱ्या हिंदुस्थानात चर्चेला तोंड फुटले. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक सुशिक्षिताला सतावू लागला. १८८६ च्या फेब्रुवारीत हिंदू युनियन क्लबात तेलंगांनी याच प्रश्नावर व्याख्यान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दोन्ही सुधारणा हव्यात. परंतु एक पुरी झाल्याखेरीज दुसरीस हात घालू नये, असा नियम इतिहासात कोठेही आढळत नाही. राजकीय बाबतीत आपल्यासमोर एक सरकार आहे, ते युक्तिवाद ऐकते, निदान ऐकल्यासारखे करते. सामाजिक बाबतीत आपल्यासमोर शतकानुशतकांच्या समजुती आहेत आणि त्या समजुती उराशी धरणारी आपलीच माणसे आहेत. तेव्हा जेथे विरोध कमी तेथून शक्ती आधी वाहू द्यावी, हा शहाणपणाचा मार्ग होय.

हे व्याख्यान वाचताना त्यातील तर्काची स्वच्छता मनाला पटते. परंतु एक शंका राहून जाते. समजुती उराशी धरणारी आपलीच माणसे, असे जे तेलंगांनी मानले, ते बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे समाज होता की स्वतःचे माजघर? पुण्यात आगरकर याच्या अगदी उलट दिशेने चालले होते आणि त्याची किंमतही मोजत होते. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. आगरकरांना विरोधाची रेषा कमी कोठे आहे, हे शोधण्याची गरजच वाटली नाही. तेलंगांना ती पदोपदी वाटली.

तरी त्यांना केवळ बोलघेवडे म्हणणे अन्यायाचे होईल. याच वर्षांत रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि जाणत्या वयात नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारलेल्या या मुलीवर दादाजी भिकाजीने फिर्याद केली. तिच्या बाजूने जे वकील उभे राहिले त्यांत तेलंग होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी फिर्याद फेटाळली. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. आणि १८८७ च्या मार्चमध्ये रखमाबाईंना नांदावयास जा अथवा सहा महिन्यांच्या तुरुंगवासास तयार राहा, असा हुकूम झाला. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या मोकळ्या झाल्या. पुढे विलायतेत जाऊन त्या डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी कितीतरी वर्षे रुग्णसेवा केली. अजाण वयात, आपल्या संमतीविना बांधल्या गेलेल्या मुलीवर ते बंधन कायद्याच्या बळाने लादता येईल काय, या प्रश्नाची दोन्ही अंगे तेलंगांना जितकी ठाऊक होती, तितकी त्या काळी फार थोड्यांना असतील.

पुढे १८९१ साली संमतिवयाचे बिल आले. दहा वर्षांची मर्यादा बारा वर्षांवर न्यावी, एवढीच त्याची मागणी. पण त्यावरून महाराष्ट्र दुभंगला. धर्मात सरकारने हात घालू नये, असे टिळक आणि त्यांचे अनुयायी म्हणत होते. तेलंग तेव्हा न्यायासनावर होते. गप्प राहिले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी बिलाच्या बाजूने जाहीरपणे मत दिले. शास्त्रवचनांचा अर्थ लावण्याचा त्यांचा अधिकार प्रतिपक्षासही नाकारता येत नव्हता. ज्या राणीच्या जाहीरनाम्याचा आधार विरोधक घेत होते, त्याचा अर्थ क्रूर रूढींना अभय देणे असा होत नाही, हे त्यांनी साधार दाखविले.

आणि त्यानंतर, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, त्यांनी आपल्या मुलीचे लग्न बालवयातच लावून दिले.

बातमी फुटताच सुधारक पक्षात जी खळबळ उडाली तिची कल्पना आज करणे कठीण आहे. सनातनी मंडळींना तर आयतेच हसू फुटले. ज्यांनी तेलंगांच्या व्याख्यानांवर टाळ्या वाजविल्या होत्या, त्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. कारण काय, तर घरची माणसे. वडीलधाऱ्यांचा आग्रह, घरातील बायकांची समजूत, ज्ञातीची रीत. घरात कलह नको, म्हातारपणी वडिलांच्या डोळ्यांत पाणी नको, असे म्हणणारा सौम्य मनुष्य अखेर काय करणार, हे त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना आधीच कळावयास हवे होते.

हा दोष एकट्या तेलंगांचा नव्हता, हे सांगणे म्हणजे त्यांची सुटका करणे नव्हे. पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते महादेव गोविंद रानडे यांनी पहिली पत्नी वारल्यावर, १८७३ साली, विधवेशी विवाह न करता वडिलांच्या इच्छेखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. १८९२ साली पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात त्याच रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेही आपल्यामुळे आप्तस्नेह्यांना त्रास होऊ नये म्हणून. त्या पिढीतील जवळजवळ प्रत्येक सुधारकाच्या घरात देवघराच्या उंबरठ्यापाशी हा पराभव झालेला आहे. बाहेर इंग्रज गव्हर्नरासमोर न डगमगणारी माणसे आत चुलीपाशी बसलेल्या काकूसमोर गप्प होत. याला भ्याडपणा म्हणावे तर ती माणसे भ्याड नव्हती. प्रेम म्हणावे, तर त्या प्रेमाची किंमत चुकविणारे दुसरेच कोणी होते.

ते दुसरे कोणी म्हणजे ती मुलगी. या संपूर्ण वादात वृत्तपत्रांनी तेलंगांवर लिहिले, सुधारकांनी त्यांच्या तत्त्वनिष्ठेवर लिहिले, सनातन्यांनी त्यांच्या फजितीवर लिहिले. मुलीविषयी कोणी लिहिले नाही. रखमाबाईंना निदान न्यायालयात बोलावयास मिळाले, वृत्तपत्रात टोपणनावाने लिहावयास मिळाले. न्यायमूर्तींच्या मुलीला यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते. तिचा पिता हाच तिचे न्यायालय होता. विरोध जेथे कमी तेथून शक्ती वाहू द्यावी, हे तत्त्व येथे कसे लागू झाले, ते पाहिले की मन अस्वस्थ होते. घरात सर्वांत कमी विरोध करू शकणारी तीच होती. राजकारणात ज्या तत्त्वाने सरकारचे दार उघडले, त्याच तत्त्वाने घरात एका लहान मुलीचे दार लावून घेतले. तेलंगांच्या युक्तिवादातील उणीव कोणत्याही प्रतिपक्षाने दाखविली नाही इतकी त्यांच्याच घरच्या या लग्नाने दाखविली, असे आमचे मत आहे.

गमतीची म्हणावी की खेदाची, अशी आणखी एक गोष्ट न्यायालयाच्या दप्तरात आहे. १८८९ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तेलंग मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९१ साली पूर्णपीठापुढे एक प्रश्न आला. बाप आपल्या भावांबरोबर वा वडिलांबरोबर एकत्र राहात असता, बापाची संमती नसताना मुलगा वडिलार्जित मिळकतीची वाटणी मागू शकतो काय? बहुमताने उत्तर आले की, नाही. तेलंगांनी एकट्याने भिन्न निकाल दिला. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मसिद्ध आहे. तो बापाच्या मर्जीवर अवलंबून नाही, असे त्यांनी मूळ वचनांवरून प्रतिपादिले. पुढील कित्येक वर्षे हिंदू कायद्याच्या ग्रंथकारांनी त्या भिन्न निकालाची आदराने चर्चा केली. स्त्रीधनाच्या वारसाहक्कावरील त्यांचा १८९२ चा निकालही असाच वकिलांच्या पिढ्यांनी अभ्यासिला. न्यायासनावर बसून वडिलांच्या मर्जीहून व्यक्तीचा हक्क मोठा मानणारा हा न्यायमूर्ती संध्याकाळी घरी परतल्यावर वडिलांच्या मर्जीपुढे मान तुकवीत होता. यात त्यांनी ढोंग केले, असे आम्हांला वाटत नाही. शास्त्राचा अर्थ लावणे त्यांना सोपे होते. माणसांची मने मोडणे त्यांना साधत नव्हते.

या न्यायमूर्तिपदाच्या नेमणुकीतही मैत्रीची एक कसोटी दडलेली होती. रानडे तेलंगांहून आठ वर्षांनी वडील. न्यायखात्यातील त्यांची सेवा दीर्घ आणि योग्यता निर्विवाद. परंतु सरकारला रानड्यांच्या राजकीय मतांविषयी संशय होता आणि ही जागा तेलंगांकडे गेली. अशा प्रसंगी सख्ख्या भावांतही अंतर पडते, हे कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्या माणसास ठाऊक आहे. बढतीच्या यादीने जितकी मने दुभंगली तितकी मतभेदांनी दुभंगली नसतील. या दोघांत ते अंतर पडले नाही. उलट मराठ्यांच्या इतिहासाचे जे काम रानड्यांच्या मनात होते, त्यात तेलंग त्यांचे सहकारी राहिले. बखरींतून त्या काळच्या सामाजिक जीवनाविषयी काय हाती लागते, याचा शोध तेलंगांनी घेतला. धर्म, जाती आणि आचार यांच्या बाबतीत पेशवाईतील लोक आपल्या समजुतीहून अधिक लवचीक होते, असे त्यातून दिसून येते. रूढी अचल नसते, हे त्यांना जुन्या कागदांतूनच सापडले होते.

१८९२ साली तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षही. दोन्ही पदांवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. बेचाळिसाव्या वर्षी आणखी मिळवावयाचे काय उरले होते? पण प्रकृती साथ देईना. दिवसा न्यायालय, सायंकाळी सभा आणि विद्यापीठ, रात्री ग्रंथ, हा क्रम वीस वर्षे चालला होता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. ज्या शहरात तय्यबजींबरोबर एका व्यासपीठावर उभे राहून त्यांनी एका राष्ट्राची भाषा केली होती, ते शहर पेटले असता तेलंग आजारी होते. १ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्रेचाळीस वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले होते.

तय्यबजी पुढे १८९५ साली त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले. मेहता आणखी बावीस वर्षे जगले आणि मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून मिरवले. मुलीच्या लग्नाचा वाद तेलंगांच्या मागेही धुमसत राहिला. दोन वर्षांनी रानड्यांनी तेलंगांच्या विचारसरणीवरच एक व्याख्यान दिले आणि एकाच माणसात वावरणाऱ्या जुन्या आणि नव्या अशा दोन मनांचा झगडा त्यात उलगडून दाखविला. तेलंगांविषयी बोलताना ते स्वतःविषयीही बोलत होते, हे ऐकणाऱ्यांपैकी जाणत्यांना कळले असेलच.

तेलंगांच्या मृत्यूने उच्च न्यायालयात जी जागा रिकामी झाली, तीवर १८९३ च्या अखेरीस सरकारने रानड्यांचीच नेमणूक केली. मित्राच्या खुर्चीवर बसून त्यांनी आपल्या आयुष्याची उरलेली वर्षे न्यायदान केले. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे काम आम्ही दोघांनी मिळून करावयाचे योजिले होते, अशा अर्थाची कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली, आणि ग्रंथाच्या शेवटी तेलंगांचा बखरींवरील तो निबंध जोडला.